देवांच्या डब्यातलं तांबं

डबा रिकामा होता.

म्हणजे अगदीच रिकामा नव्हता. तळाशी चार अक्षता होत्या, एक तेलकट वात होती आणि हळकुंडाचा तुकडा होता. पण पूजेला आलेली मंडळी बाहेर गप्पा छाटत असताना शशी देवधर मांजराच्या पावलांनी किचनमध्ये शिरला होता आणि देवांच्या मागचा तो पितळी डबा त्याने ज्याच्यासाठी उघडला होता, ते मात्र त्यात नव्हतं. त्याने डबा उलटा केला. झाकण आतून चाचपलं. वात उचलून पाहिली. वातीखाली काय असणार, कपाळ!

"काय रे, काय शोधतोयस?"

उल्का दारात उभी होती. पूजेसाठी नेसलेली इरकल अजून अंगावर, हातात शिऱ्याचं पातेलं.

"काही नाही. डबा जरा पुसून ठेवावा म्हटलं."

उल्काने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. ह्या माणसाने लग्न झाल्यापासून पाण्याचा ग्लास कधी पुसून ठेवला नव्हता, आणि आज देवांचा डबा! "बरं वाटतंय ना तुला? अरे, त्यातली जुनी नाणी मी सगळी हरीश गुरुजींना देऊन टाकली. उद्या त्यांना रीडिंगला अर्जुनच्या घराची वास्तुशांत करायची आहे ना, त्यात तांब्याची नाणी लागतात म्हणे. आता इथे कुठून आणणार ते? तुझ्या आईच्या भोकाच्या पैशांचं आपण तरी काय लोणचं घालणार होतो!"

"सगळी?"

"सगळी. डबाच ओतला त्यांच्या पिशवीत."

शशीच्या तोंडचं पाणी पळालं. "छान केलंस," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

कारण त्या भोकाच्या पैशांमध्ये एक पैसा आईचा नव्हता. तो भारतातला नव्हता आणि विलायतेतलाही नव्हता. व्हर्माँट नावाच्या अमेरिकेतल्या एका डोंगराळ मुलखाने १७८६ साली पाडलेला तो तांब्याचा पैसा होता. त्या काळी अख्ख्या अमेरिकेचं असं एक नाणं नव्हतंच. आज इंग्रजांपासून मोकळे झालो म्हणताना उद्या प्रत्येक राज्य आपापली टांकसाळ काढून बसलं. न्यू जर्सीने घोड्याचं डोकं आणि नांगर छापला, कनेटिकटने कुणा बाबाचं थोबाड छापलं, आणि व्हर्माँटने डोंगरामागून उगवणारा सूर्य, झाडं आणि खाली नांगर. पाठीमागे किरणं फेकणारा एक डोळा. अक्षरं वाकडी, चकत्या चिरलेल्या, ठसा कधी मधोमध तर कधी कडेला घसरलेला. दोन नाणी एकासारखी एक सापडतील तर शपथ. आणि ह्याच बेशिस्तीवर शशी ऐन तारुण्यात, लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार असताना, जीव ओवाळून बसला होता. दिवसभर लोकांना भूल देऊन झोपवायचं आणि रात्री भिंगातून तांब्याच्या चकत्या बघायच्या. बरं, हे इंग्लंडात बसून! लंडनच्या कडेला पिनरमध्ये घर केल्यावर त्याला साथ कोण देणार? तो एकटाच होता, आणि त्याच्या ट्रेमध्ये वीस वर्षं एकच खळगा रिकामा होता. तोच हा सूर्य.

मग नाणं मिळालं तर ते ट्रेमध्ये न जाता देवांच्या डब्यात कसं गेलं? त्याला कारण उल्का. आणि उल्काचं चुकलं होतं असंही नाही. बी. जे. मेडिकलमधली ही त्याची क्लासमेट त्याच्याबरोबर इंग्लंडात आली, जीपी झाली, मुलं वाढवली, आणि गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नाला, बारशाला, मंडळाच्या गणपतीला एकटी गेली. "शशी कुठंय?" कुणी विचारलं की "ऑन कॉल आहे" सांगायची. शशी ऑन कॉल नसायचा. तो कुठल्या तरी कम्युनिटी हॉलमध्ये डीलरच्या टेबलावर वाकलेला असायचा. गेल्या वर्षी तो रिटायर झाला त्या दिवशी उल्काने त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता ऑन कॉल संपलं. आता एकही नवं नाणं नको, एकही नाण्यांचा फेअर नको. आता माझ्याबरोबर चार ठिकाणी यायचं." शशीने शब्द दिला. मनापासून दिला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. परवा जुन्या कलीगला भेटायला लेस्टरला गेला, आणि कलीगच्या घराच्या वाटेवर नेमका एक फेअर लागला होता, आणि फेअरमध्ये नेमका हा सूर्य.

घरी आल्यावर ते कुठे ठेवायचं? त्याच्या स्टडीत उल्का झाडू मारायची. देवांच्या डब्याला मात्र दिवाळीपर्यंत कुणी हात लावत नाही असा त्याचा हिशोब. तांब्यात तांबं. किती हुशार! आणि ह्या हुशारीत तो एवढंच विसरला, की घरात सत्यनारायण घातला आहे आणि पूजा झाली की गुरुजी येतात तसे जातातही, आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत.

मंडळी गेल्यावर त्याने कचरा टाकण्याच्या निमित्ताने बाग गाठली आणि शेडच्या आडोशाला उभं राहून गुरुजींना फोन लावला. हरीश गुरुजी म्हणजे सोमवार ते शुक्रवार स्लाव गावात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, आणि शनिवार-रविवार धोतर.

"बोला काका!"

"गुरुजी, ते आमच्या हिने तुम्हाला नाणी दिली ना..."

"अहो हो! काय उपकार झाले तुम्हाला सांगू. इथली पेनी म्हणजे वरून तांबं, आतून लोखंड. फ्रिजचं मॅग्नेट चिकटतं तिला. वास्तुपुरुषाबरोबर लोखंड कसं पुरायचं? उद्या रीडिंगला अर्जुनकडे तुमचीच नाणी घालतो सगळी. आग्नेय कोपऱ्यात खड्डा तयारच आहे, घरामागे त्यांचं काचेच्या कन्झर्व्हेटरीचं काम चाललंय. वरून काँक्रीट. शंभर वर्षं हलायचं नाही!"

"गुरुजी, त्यातलं एक..."

"शशी!" पाठीमागून उल्का. "कचरा टाकतोयस की रॉकेट सोडतोयस? कोणाशी बोलतोयस?"

शशीने फोन खिशात कोंबला. "राँग नंबर."

नंतर संधी मिळाली तेव्हा गुरुजींचा फोन बंद होता. दहा वेळा लावला, दहा वेळा ती यांत्रिक बाई तेच बोलली. पुरणार. काँक्रीट घालणार. जवळजवळ अडीचशे वर्षं ते नाणं टिकलं, समुद्र ओलांडला, कोणाकोणाच्या खिशातून फिरलं, आणि आता रीडिंगच्या कन्झर्व्हेटरीखाली, दहीभाताच्या लगद्यात! शशीला बसवेना. टीव्ही लावला, बंद केला. पुस्तक उघडलं, मिटलं. नाणं परत आणायचं आणि उल्काला कळू द्यायचं नाही, ह्या दोनच गोष्टी त्याच्या डोक्यात गिरक्या घेत होत्या आणि दोन्ही एकदम कशा जमणार ते काही सुचत नव्हतं.

मग सुचलं. अर्जुन म्हणजे उल्काच्या मैत्रिणीचा, मंजिरीचा मुलगा. आमंत्रण त्यांनाही होतंच. फ्रिजवर कार्ड लावलेलं होतं. उल्का जाणारच होती, नेहमीसारखी एकटी, ट्रेनने.

"मी काय म्हणतो," शशी घसा साफ करत म्हणाला, "उद्या रीडिंगला मीही येतो. गाडीने जाऊ. लवकर निघू."

उल्काच्या हातातली ताटली तशीच राहिली. "तू येतोस?"

"हो. का? येऊ नये?"

"अर्जुनच्या वास्तुशांतीला? आपण होऊन?"

"आपलीच माणसं आहेत ना," शशी म्हणाला. आणि हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणून तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते त्याला दिसलं नाही.

ते त्याला सकाळी गाडीत दिसलं. उल्का मोरपंखी सिल्कची साडी नेसून, केसांत मोगऱ्याची वेणी माळून (कापडी का होईना) पुढच्या सीटवर बसली होती आणि थांबायचं नाव न घेता बोलत होती. मंजिरीला तिने फोनवर सांगितलं होतं, मंडळातल्या सुचेताला सांगितलं होतं, पुण्याला बहिणीला सांगितलं होतं. "म्हटलं, सूर्य पश्चिमेला उगवला आज! सुचेता म्हणते, शशी खरंच आहे का, की तू इतकी वर्षं थापा मारतेस? मी म्हटलं, बघच आता." ती स्वतःशीच हसली. "शशी, खरं सांगू? मला वाटलं होतं रिटायर झालास तरी तू काही बदलणार नाहीस. मी मनाची तयारी केली होती. एकटीने जायची सवयच लागते रे. पण प्रत्येक वेळी बाहेर पडताना दारात एक क्षण वाटायचंच, आज येईल."

"हं," शशी म्हणाला. एम-फोर हायवेवर एक व्हॅन त्याच्या पुढे रेंगाळत होती. तिला ओव्हरटेक कसं करावं ह्याच्यातच त्याचा जीव होता. मुहूर्त साडेदहाचा. वाजले किती?

"हळू चालव रे, लग्नाला चाललो नाही आपण."

"उशीर नको व्हायला."

उल्का त्याच्याकडे बघतच राहिली. "किती मनावर घेतलंयस," ती म्हणाली आणि तिने त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. त्या क्षणी तिला सगळं सांगावं असं त्याला खरोखर वाटलं. पण पुढची व्हॅन बाजूला झाली आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

अर्जुनच्या घरात पाय ठेवला तर पूजा ऐन रंगात आलेली. धुराने स्मोक अलार्म वाजून गेला होता आणि आता त्याच्यावर शॉवर कॅप चढवलेली होती. मंजिरी पुढे धावली. "शशी? खराखुरा शशी? हात लावून बघू का?" सगळे हसले. उल्का तर लग्नात नवरा दाखवत फिरणाऱ्या नव्या नवरीसारखी त्याचं कोपर धरून एकेकाला भेटवत सुटली. "हा शशी. हो हो, आहे, आहे." शशी नमस्कार करत होता, हसत होता, आणि त्याचे डोळे गुरुजींच्या पुढ्यातल्या ताम्हनावर खिळले होते.

ताम्हनात पंचामृत होतं. पंचामृतात नाणी होती.

दही! मध! ज्या नाण्याला आपण हाताचा घाम लागू नये म्हणून कडेने धरतो, त्याला दह्याची आंघोळ! शशी सरकत सरकत गुरुजींच्या शेजारी जाऊन बसला. "गुरुजी," तो कुजबुजला, "ते एक नाणं..." गुरुजींनी मंत्र न तोडता डावा हात वर केला, थांबा म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा, "गुरुजी, जरा..." पुन्हा हात. पलीकडून आर्याने, म्हणजे अर्जुनच्या बायकोने, कौतुकाने पाहिलं. "काका किती इंटरेस्ट घेतायत ना!" ती उल्काला म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात शशीचा अर्धा तास गेला आणि ताक काही मिळालं नाही.

मग सगळी वरात कन्झर्व्हेटरीत गेली. भिंती उभ्या होत्या, जमीन अजून उघडी होती. कोपऱ्यात हातभर खड्डा, आणि शेजारी रविवार असूनही कबूल केलं म्हणून आलेला पोलिश गवंडी सिमेंट कालवून उभा. अर्जुन सोवळ्याचा कद सावरत वाकला. मातीच्या बोळक्यात सप्तधान्य गेलं, शेवाळ गेलं, दहीभात गेला, वास्तुपुरुषाची इवलीशी प्रतिमा पालथी गेली. मग गुरुजींनी नाणी ओंजळीत घेतली आणि एकेक सोडू लागले. भोकाचा पैसा. भोकाचा पैसा. ढब्बू पैसा. आणि मग दह्याने लडबडलेला, तरी शशीला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू आला असता असा, डोंगरामागचा सूर्य.

टप्. बोळकं खड्ड्यात उतरलं. "यजमान, माती लोटा," गुरुजी म्हणाले.

"थांबा!"

हा आवाज आपला, हे शशीला जरा उशिरा कळलं. तोवर तो खड्ड्याशी गुडघे टेकून बसला होता.

"काका, काय झाला?" अर्जुन इथेच जन्मलेला. घाबरला की त्याचं मराठी आणखी लंगडायचं.

"त्यातलं एक नाणं माझं आहे. ते काढायला हवं."

"अहो काका," गुरुजी हबकले, "एकदा अर्पण केलेलं..."

"शुभ नाही रे शशी ते," मंजिरी म्हणाली. आर्याचा चेहरा एवढासा झाला. पाठीमागे कुजबुज सुरू झाली. आणि शशीचा रात्रभर दाबून ठेवलेला बांध फुटला.

"तुम्हाला कळत नाहीये ते काय आहे! व्हर्माँट आहे ते! सतराशे शहाऐंशी! वीस वर्षं शोधतोय मी! चुकून देवांच्या डब्यात ठेवलं आणि हिने देऊन टाकलं. काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. अहो, त्याच्यासाठीच तर आलोय मी इथे!"

एवढं बोलून त्याने बोळक्यात हात घातला, दहीभात उपसला आणि नाणं बाहेर काढलं. रुमालात घेतलं. घासलं नाही, नुसतं टिपलं. सूर्य शाबूत होता. नांगर शाबूत होता. शशीने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, आणि डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते.

"पण आता तांबं कमी पडलं ना गुरुजी?" आर्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "विषम संख्या लागते म्हणालात."

इथे शशीच्या अंगात आलं. चूक भरून काढायची संधी, आणि तीही त्याच्या प्रांतातली! "अर्जुन, घरात कॉपर्सची बरणी असेल ना? सुट्ट्या पैशांची?" इंग्लंडातल्या कुठल्या घरात नसते? अर्जुनने किचनमधून लोणच्याची असते तेवढी मोठी काचेची बरणी आणली. शशीने ती जमिनीवर पालथी केली. "ब्याण्णवच्या आधीची पेनी खरी ब्राँझ असते! लोखंड नंतरचं! फ्रिजचं मॅग्नेट आणा कुणीतरी!" पोरंटोरं धावली. एका मिनिटात अर्धी वास्तुशांत जमिनीवर बसून सालं वाचत होती. हे इकडे, ते तिकडे, हे चिकटलं, हे नाही चिकटलं. गुरुजीसुद्धा उकिडवे बसले. गवंड्याने खिशातून दोन नाणी काढून पुढे केली. शेवटी शशीला एकाहत्तर सालचं टू पेन्स मिळालं, लखलखीत, आणि त्याने ते मॅग्नेटला लावून, पडू देऊन, सगळ्यांना दाखवलं. "शुद्ध! म्हणजे जवळजवळ शुद्ध!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टू पेन्स खड्ड्यात गेलं, माती लोटली, काँक्रीट पडलं. आर्या हसली. मंजिरी म्हणाली, "बाई गं, काय नग आहे हा!" आणि शशी हातात रुमाल धरून, घामाघूम, खूश, उल्काला शोधत मागे वळला. बघितलंस ना, असं त्याला म्हणायचं होतं.

उल्का तिथे नव्हती.

ती बाहेर ड्राइव्हवेवर गाडीला टेकून उभी होती. केसांतली वेणी तिने काढून हातात घेतली होती.

"अगं, सुटला प्रॉब्लेम! चल, पानं वाढतायत."

"तू त्याच्यासाठी आलास," उल्का म्हणाली.

"अगं, ते काय झालं..."

"मला फक्त सांग. तू त्याच्यासाठी आलास ना? तूच म्हणालास आत. सगळ्यांसमोर."

शशीने रुमाल धरलेला हात पाठीमागे नेला.

"मी काल अर्ध्या गावाला फोन केले रे," उल्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही आणि तेच शशीला सोसवेना. "म्हटलं, शशी येतोय. वेडी मी. साडी काढताना दोनदा बदलली. साठी उलटलेली बाई, आणि नवरा बरोबर येतोय म्हणून हुरळून गेले. तू नसतास आलास तर मला काही वाटलं नसतं. सवय आहे मला. पण तू आलास आणि आला नव्हतासच, ह्याचं मी काय करू?"

"माझं चुकलं."

"हं." तिने गाडीतून आपली पर्स काढली. "मी राहते इथे एक-दोन दिवस. आर्याला आवरायला हात हवाय. तू जा. तुला मिळालं ना हवं होतं ते?"

आणि ती आत गेली. शशी तिच्या मागे दोन पावलं गेला आणि थांबला. आत जेवणाच्या पंगतीचा गलका चालू होता. त्या गलक्यात जाऊन तिच्या शेजारी बसायचं त्याच्याने धाडस होईना. तो गाडीत बसला आणि निघाला.

नाणं त्याने रुमालासकट शेजारच्या सीटवर ठेवलं. एका सिग्नलला त्याने रुमाल उलगडला. उन्हात तांबं तपकिरी चमकत होतं. सूर्याच्या डाव्या किरणाशी ठसा किंचित दुबार उमटलेला होता, अगदी त्याने वाचलं होतं तसा. अरे, दुबार! "अगं, हे बघ," तो मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच दचकला. सीटवर कुणी नव्हतं.

तेव्हा त्याला कळलं की तो शब्द देईपर्यंत प्रत्येक नाणं त्याने हिलाच सांगितलं होतं. हे नवीन, हे असं, ह्याचं अक्षर बघ कसं उलटं पडलंय. ती भाजी चिरत असायची, मान वर न करता "हो का" म्हणायची, वैतागायची, पण ऐकायची. बाकी पिनरमध्ये, लेस्टरमध्ये, अख्ख्या विलायतेत ह्या दुबार किरणाशी कोणाला देणंघेणं होतं? तीस वर्षं एका बाईने त्याचं ऐकलं होतं, आणि तिचं एक वाक्य, दारात एक क्षण वाटायचंच, ते त्याने व्हॅनला ओव्हरटेक करताना ऐकलं होतं. शशीला रडू आलं. साठीचा माणूस, स्टिअरिंगवर दोन्ही हात, आणि नाक वाहतंय. मागच्याने हॉर्न वाजवला. मेडनहेडच्या एक्झिटला तो बाहेर पडला, राउंडअबाउटला पूर्ण वळसा घातला आणि पुन्हा रीडिंगच्या बाजूला लागला.

दार उल्कानेच उघडलं. पदर खोचलेला, हात ओले. आत कुणीतरी अंताक्षरी लावली होती.

"काय राहिलं आता?"

शशीने वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. "जेवायचं राहिलं," तो म्हणाला.

उल्का बाजूला झाली नाही. त्याच्या लाल डोळ्यांकडे बघत राहिली. हसली मुळीच नाही.

"पुरणपोळ्या संपल्या."

"चालेल."

"नाणं कुठंय?"

"गाडीत. मी आता आत येणार आणि बसणार. सगळे जाईपर्यंत. अंताक्षरीलासुद्धा." सांगायचं तर सगळंच सांगून टाकावं, पुन्हा धीर होणार नाही. "आणि उल्का, घरी माळ्यावर, त्या जुन्या सूटकेसमध्ये, रिटायर झाल्यानंतरची अजून दोन आहेत."

"तीन," उल्का म्हणाली, आणि त्याचं पान मांडायला आत गेली.